कुमार गटातली एक जागा

धोटे सरांनी पिशवीतून पुस्तकं काढून माझ्या टेबलावर एकावर एक रचली. पाच प्रती होत्या. प्रत्येक प्रतीला खाकी कागदाचं कव्हर होतं आणि त्यावर सुबक अक्षरात 'परीक्षक समितीसाठी' असं लिहिलेलं होतं.

"आता फक्त पत्ता टाकायचा राहिला आहे," सर म्हणाले. "तेवढं तुम्ही बघा, वैशालीताई."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. दुसरं काय करावं ते त्या क्षणी सुचलं नाही. सर पाणी प्यायले, मुलांच्या खोलीत डोकावून कूलर नीट चालतो आहे ना ते बघितलं आणि निघून गेले. कूलर त्यांनीच दिलेला होता. खोलीतली दोन काचेची कपाटंही त्यांचीच.

मी नागपुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात बालविभागाची ग्रंथपाल आहे. मुलांसाठी पुस्तकं निवडायची, त्यांची नोंद करायची, देवघेव बघायची आणि दर शनिवारी दुपारी मुलांचा वाचक गट घ्यायचा, हे माझं काम. त्या वर्षी आमच्या वाचनालयाला पहिल्यांदाच एक निमंत्रण आलं होतं. मुलांच्या पुस्तकांसाठी राज्य पातळीवर एक पुरस्कार दिला जातो. त्यासाठी पुस्तकांची नामांकनं आम्ही पाठवायची होती.

नामांकन म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण आमच्या कार्यकारिणीतही ते निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. नामांकन म्हणजे पुरस्कार नव्हे. वर्षभरात मुलांची शेकडो पुस्तकं निघतात. परीक्षक सगळी वाचू शकत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या गावांतल्या वाचनालयांना विचारतात, की बाबांनो, तुमच्याकडच्या मुलांनी वाचलेलं, आम्ही वाचलंच पाहिजे असं एखादं पुस्तक आहे का? त्या नावांची एक लांब यादी होते, तिला लाँगलिस्ट म्हणतात. त्यातून मोजकी पुस्तकं शॉर्टलिस्टमध्ये जातात. त्यातलं एक निवडलं जातं.

प्रत्येक वाचनालयाला दोन नावं पाठवता येतात. एक बाल गटात, म्हणजे लहान मुलांसाठी. दुसरं कुमार गटात, म्हणजे साधारण बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी. सोबत ग्रंथपालाच्या सहीचं शिफारसपत्र लागतं. हे पुस्तक मुलांनी वाचलं का आणि तुम्ही ते का पाठवता, हे त्यात लिहायचं.

बाल गटाचा प्रश्न नव्हता. दात पडायची वाट बघणाऱ्या एका मुलीचं चित्रांचं पुस्तक होतं. आमच्याकडच्या छोट्यांनी ते इतकं हाताळलं, की शिवण दोनदा करावी लागली. ते नक्की होतं.

घोळ कुमार गटाचा होता. तिथेही मुलांनी पुस्तक निवडलेलं होतं. त्याचं नाव 'राखीव'. आणि त्याच गटासाठी धोटे सरांचं पुस्तक टेबलावर येऊन बसलं होतं. त्याचं नाव 'आदर्श अनंता'.

धोटे सर निवृत्त मुख्याध्यापक. वय पंचाहत्तरच्या आसपास. मूळचे कुहीकडचे, पण आयुष्य नागपुरात गेलेलं. माणूस लाखात एक. आमच्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुस्तकं वर उचलायला पहिले तेच आले होते. निवृत्तीनंतर त्यांनी हे पुस्तक लिहिलं आणि स्वतः छापून घेतलं. त्यातला अनंता पहाटे उठतो, आईला मदत करतो, खोटं बोलत नाही, आणि जे खोटं बोलतात त्यांना प्रेमाने समजावतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चौकटीत बोध असतो.

मी ते वाचक गटाला दिलं होतं. आता मुलांना 'पुस्तक आवडलं का' असं विचारण्यात अर्थ नसतो. मोठ्या माणसाने विचारलं की मुलं हो म्हणतात. म्हणून पुस्तक देताना मी त्यात कागदाची एक पट्टी घालून देते. जिथे थांबाल तिथे पट्टी ठेवा, एवढंच सांगते. पुस्तक परत आलं की पट्टी कुठे आहे ते बघते. 'आदर्श अनंता' वेगवेगळ्या मुलांकडून परत आलं आणि प्रत्येक वेळी पट्टी नवव्या पानावरच होती.

'राखीव'ची पट्टी कधी सापडलीच नाही. पुस्तकही वेळेवर परत येत नसे. एकाने घेतलं की ते परस्पर दुसऱ्याकडे जायचं.

ती एका खो-खोच्या संघाची गोष्ट आहे. खो-खोत नऊ मुली मैदानात उतरतात आणि काही राखीव असतात. कोणाला लागलं, कोणी आजारी पडलं, तर त्यांना घ्यायचं. गोष्टीतली मीनल राखीव आहे. ती सगळ्यांच्या आधी मैदानावर येते, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरते, प्रत्येक सामन्यात बूट बांधून तयार बसते. शेवटच्या सामन्यात एका मुलीचा पाय मुरगळतो. कोच वळतात, मीनल उभी राहते, आणि कोच दुसऱ्या राखीव मुलीला घेतात. मीनल पुस्तकभर एकदाही खेळत नाही. संघ जिंकतो. ती नाचते. घरी जाते. संध्याकाळी रिकाम्या मैदानावर एकटीच खांबापर्यंत धावून येते. संपलं.

या शेवटावरून वाचक गटात भांडण झालं. आठवीतल्या तनिष्काचं म्हणणं, की शेवट असाच पाहिजे, कारण असंच होतं. ओजस नावाचा मुलगा हिंगण्याहून वडिलांच्या मोटारसायकलवर बसून येतो. तो इतका चिडला होता, की म्हणाला, "लेखिकेले फोन लावा मॅडम. मले विचारायचं आहे." दोन शनिवार त्या भांडणात गेले. तिसऱ्या शनिवारी नवीन पुस्तक घ्यायचं होतं, तर मुलं पुन्हा मीनलवरच. एवढं झाल्यावर ग्रंथपालाला वेगळा विचार करावा लागत नाही.

आमचे सचिव मोहरील सर बँकेतून निवृत्त झालेले. व्यवहारी माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पुरस्कार देणारे आपण थोडेच आहोत?" ते म्हणाले. "आपण नुसतं नाव पाठवायचं. धोटे सरांचं पाठवा. परीक्षक काय करायचं ते करतील. सरांना वाईट वाटणार नाही आणि आपलंही काही जाणार नाही."

मी म्हटलं, की जागा एकच आहे. सरांचं नाव गेलं की 'राखीव' राहिलं. ते पुस्तक इथल्याच एका छोट्या प्रकाशकाने काढलंय, लेखिकेचं पहिलंच आहे, मोठ्या शहरांतल्या दुकानांत ते पोचलेलंही नाही. आपण नाही पाठवलं तर परीक्षकांना असं काही पुस्तक आहे हेच कळणार नाही.

मोहरील सरांनी खिडकीबाहेरचं ऊन बघितलं. मग म्हणाले, "मार्च संपत आला, मॅडम. कूलर त्यांचा आहे."

नागपूरचा एप्रिल ज्याने काढला आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल.

मी मधला मार्ग शोधायला बसले. नियम पुन्हा वाचले. वाटलं, सरांचं पुस्तक बाल गटात बसलं तर बघावं, मग दाताच्या पुस्तकाचं काय करायचं ते नंतर पाहू. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांना गोल बसवलं आणि अनंताचं पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदाला एक जण टेबलाखाली गेला. मागोमाग बाकीचे गेले. टेबलाखाली काय चाललं होतं ते मला कळलं नाही, पण अनंतापेक्षा ते रंगतदार होतं एवढं नक्की. मधला मार्ग तिथेच संपला.

आता सरांना सांगणं आलं. मी दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा त्यांच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवला.

तेवढ्यात सरांनाच कुठून तरी कळलं, की नामांकनाच्या पुस्तकांवर मुलांची चर्चा होते. त्यांचा फोन आला. "मी शनिवारी येतो," ते म्हणाले. "लेखकाच्या तोंडून ऐकलं की मुलांना जास्त कळतं." त्यांना नको म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. म्हणजे कारण होतं, तेच सांगता येत नव्हतं.

शनिवारी सर पांढरा शर्ट घालून आले. मुलांसाठी संत्रा बर्फीचा डबा आणला होता. कूलरसमोरची खुर्ची त्यांना दिली. मुख्याध्यापकाला बघून मुलं आपोआप ताठ बसतात, तशी बसली. सरांनी 'अनंता आणि शाळेची स्वच्छता' हे प्रकरण वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. वाचनात काही उणं नव्हतं. पण मी मुलांकडे बघत होते. ती ऐकत नव्हती, ऐकल्यासारखी बसली होती. इतकी वर्षं या खोलीत काढल्यावर हा फरक लांबूनही दिसतो. मला वाटतं, तो सरांनाही दिसत असावा. त्यांनी मध्येच दोन पानं सोडून प्रकरण संपवलं.

टाळ्या झाल्या. सर म्हणाले, "विचारा, काही विचारायचं असेल तर."

तनिष्काने हात वर केला. तिने अगदी सरळ विचारलं, की सर, हा अनंता कधी चुकत नाही का?

"तो आदर्श आहे," सर म्हणाले.

"तुम्ही होते का तसे?"

मी काहीतरी बोलून विषय बदलणार होते. पण सर हसले. म्हणाले, "मी? मी कशाचा असतो." आणि पुस्तक मिटून त्यांनी मांडीवर ठेवलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सर आठ-नऊ वर्षांचे होते. कुहीजवळच्या त्यांच्या गावात सगळीकडे धानाची शेती आणि गावाबाहेर मोठं तळं. सकाळच्या शाळेत गणिताची तोंडी परीक्षा होती, एकोणीसचा पाढा म्हणायचा होता, आणि तो यांना येत नव्हता. म्हणून हे शाळेत न जाता म्हशी घेऊन निघाले. त्यांच्याकडे एक मोठी म्हैस होती. तिच्या पाठीवर बसून ऐटीत तळ्याच्या काठाने जात असताना म्हशीला ऊन लागलं आणि ती सरळ पाण्यात शिरली. मधोमध जाऊन बसली. वर हे. पोहता येत नाही.

काठावर आधी एक माणूस जमला, मग दहा, मग अर्धं गाव. जो तो सल्ला देतोय. कोणी म्हणतो शेपूट ओढ, कोणी म्हणतो कानात फुंक. पोहणारे होते, पण यांनी रडून सांगितलं, की मला खाली उतरवू नका, मी हिच्यावरच बरा. म्हैस डोळे मिटून बसलेली. तेवढ्यात गर्दीतून गुरुजी पुढे आले. त्यांनी परिस्थिती बघितली, धोतर सावरून काठावरच्या दगडावर बसले आणि ओरडले, "काहून रे, रिकामाच बसला आहे नं तू? मग एकोणीसचा पाढा म्हण."

मुलं हसायला लागली ती थांबेनात. सरही रंगात आले होते. खुर्चीवरच म्हशीवर बसल्यासारखे बसून ते पाढा कसा अडखळत होता ते करून दाखवत होते. चुकलं की गुरुजी काठावरून ओरडायचे, आणि अर्धं गाव बरोबर आकडा सांगायचं. म्हैस दुपार कलल्यावर उठली. तोवर यांचाच नव्हे, गावातल्या बऱ्याच लोकांचा एकोणीसचा पाढा पाठ झाला होता.

हसणं ओसरल्यावर ओजस म्हणाला, "सर, हे काहून नाही लिहिलं पुस्तकात?"

सर गांगरले. "यात बोध काय आहे पण?"

ओजसने मनापासून विचार केला. "म्हैस पाण्यात बसली की लवकर उठत नाही, हा."

सर सगळ्यांबरोबर हसले, पण मला त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंही काही दिसलं. मुलं बर्फीकडे वळल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. तुम्ही पट्टी घालून देता असं मुलं म्हणाली, ते म्हणाले. माझ्या पुस्तकाची पट्टी कुठे होती?

आता फोन नव्हता आणि गुडघ्याची चौकशी करूनही सुटका नव्हती.

"नवव्या पानावर," मी म्हटलं.

सरांनी पुस्तक उघडलं. बोटाने पानं मोजत गेले. प्रस्तावना, दोन मान्यवरांच्या शुभेच्छा, मनोगत, ऋणनिर्देश. "गोष्ट तर आठव्या पानावर सुरू होते," ते म्हणाले. "म्हणजे प्रस्तावना तरी वाचली त्यांनी."

"नाही सर. ती ते गाळतात."

सर पुस्तकाकडे बघत राहिले. मला फार अवघड झालं होतं, पण आता अर्धवट ठेवणं जास्त वाईट झालं असतं. मी म्हटलं, "सर, मी तुमच्या पुस्तकाचं नामांकन करणार नाही. जागा एकच आहे आणि मुलांनी दुसरं पुस्तक निवडलंय. हे तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं."

"कोणतं?" त्यांनी विचारलं.

मी 'राखीव' आणून दिलं. त्यांनी ते मागे-पुढे बघितलं, पिशवीत टाकलं. मग टेबलावरच्या स्वतःच्या पाच प्रती एकेक करून पिशवीत भरल्या. कव्हर फाटू नये म्हणून सावकाश भरत होते. मी मदत करायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "राहू द्या, होतं." तो माणूस पायऱ्या उतरून दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी होते.

वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सरांचा सुविचार यायचा. तो दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. मोहरील सर त्या आठवड्यात रोज मुलांच्या खोलीत येऊन कूलरकडे बघून जायचे. एकदा मला म्हणाले, की कूलरमधली वाळ्याची खस आपण नवीन भरली आहे, ती तरी आपली आहे.

मी तोवर नामांकनाचं पुढचं काम उरकत होते. लेखिकेची लेखी संमती लागते. 'राखीव'ची लेखिका अर्चना गावंडे. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, एवढं प्रकाशकाने सांगितलं होतं. फोन लावला तेव्हा मागे यंत्रांचा आवाज येत होता. वाचनालयातून बोलतेय म्हटल्यावर ती घाबरली.

"काही चुकलं का मॅडम पुस्तकात?"

मी तिला नामांकनाचं सांगितलं. ती सावधपणे म्हणाली, की मागे एका पुरस्काराचा फोन आला होता, ते पैसे भरा म्हणत होते. तसलं असेल तर मले नाही पाहिजे. मी म्हटलं, यात तुम्हाला काहीच भरायचं नाही, फक्त हो म्हणायचं आहे. तरीही तिने संध्याकाळी प्रकाशकाला फोन करून मी खरी आहे का याची खात्री करून घेतली. मला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

पुढच्या शनिवारी वाचक गट सुरू होता आणि धोटे सर आले. पिशवी नव्हती, हातात फक्त 'राखीव'. चेहरा लाल. मोहरील सर बाहेरच्या खोलीत होते, ते उठून उभेच राहिले.

सर सरळ आत आले आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हा कोच नालायक आहे."

मला आधी कळलंच नाही.

"मी वीस-बावीस वर्षं शाळेचे संघ बघितले," सर म्हणाले. "जी मुलगी रोज सर्वांत आधी येते, तिला एकदा तरी उतरवायचं असतं. हरलो तर हरलो. हा कसला कोच? आणि या लेखिकाबाई त्याला एका शब्दाने बोलत नाहीत."

ओजस टुणकन उठला. त्याला इतक्या दिवसांनी वजनदार पाठीराखा मिळाला होता. तनिष्का दुसऱ्या बाजूने उभी राहिली. सर, कोच वाईट नाही, त्याला जिंकायचं होतं, असं ती म्हणाली. सरांनी खुर्ची ओढली. मग जे भांडण झालं ते वाचनालयाच्या बंद व्हायच्या वेळेपर्यंत चाललं. सर आठवीतल्या मुलीशी बरोबरीने भांडत होते आणि हरत होते. मोहरील सर दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या खांद्यावरून ओझं उतरल्याचं लांबूनही कळत होतं.

जाताना सर मला म्हणाले, "मी हे दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाटलं, या वेळी तरी कोच तिला घेईल." दारातून वळून म्हणाले, "हेच पाठवा."

राहिलं शिफारसपत्र. माझा पहिला मसुदा ऑफिसातल्या टिपणासारखा झाला होता. 'सदर कादंबरी कुमारवयीन वाचकांच्या भावविश्वाचा वेध घेते' वगैरे. वाचून माझी मलाच झोप यायला लागली. तो फाडला आणि जे घडलं तेच लिहिलं. दोन शनिवार भांडण चाललं, तिसऱ्या शनिवारीही थांबलं नाही. पुस्तक वेळेवर परत येत नाही. एक वाचक लेखिकेला फोन लावायला सांगतो. शेवटी लिहिलं, की एका निवृत्त मुख्याध्यापकांचा या पुस्तकाच्या शेवटाला आक्षेप आहे. नाव घातलं नव्हतं, तरी विचारायला हवं म्हणून सरांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. 'आक्षेप'च्या आधी 'तीव्र' घाला म्हणाले. घातलं.

पुस्तक लाँगलिस्टमध्ये आलं. मग शॉर्टलिस्टमध्ये आलं. पुरस्काराचं काम बघणाऱ्या बाईंचा पुण्याहून फोन आला होता. त्या म्हणाल्या, की तुमचं शिफारसपत्र बैठकीत मोठ्याने वाचलं, आणि पुस्तक वाचून झाल्यावर परीक्षकांचेही दोन तट पडले. शेवटी पुरस्कार दुसऱ्या पुस्तकाला मिळाला. तेही मी मागवून वाचलं. काहीतरी खोट काढावी या विचाराने वाचलं, पण पुस्तक चांगलं होतं.

शॉर्टलिस्टमुळे 'राखीव'ची दुसरी आवृत्ती निघाली. एका रविवारी अर्चनाला सुटी होती, तेव्हा मुलांनी तिला बोलावलं. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, केसांची घट्ट वेणी, मुलांपेक्षा तीच जास्त घाबरलेली. ओजसने विचारायच्या आत धोटे सरांनीच विचारलं, की तिला शेवटी का खेळवलं नाही?

अर्चना ओढणीशी चाळा करत म्हणाली, "सर, मी तीन वर्षं राखीव होती. मले कोणी एकदाही खेळवलं नाही. मग मीनलले कशी खेळवू? ते खोटं झालं असतं."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"कोच कोण होता तुमचा?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या नं सर. ते रिटायर झाले आता."

"नाव सांगा. मी बोलतो."

अर्चना हसली, पहिल्यांदाच मोकळी हसली. नाव काही तिने सांगितलं नाही. सर मात्र पुढचा अर्धा तास अधूनमधून विचारत होते.

सर आता महिन्यातून एका शनिवारी येतात. येताना पुस्तक आणत नाहीत. त्यांचे सुविचार ग्रुपवर पुन्हा सुरू झाले आहेत, त्याला इलाज नाही.

त्यानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनीच एक ठराव मांडला. वाचनालयाला ज्यांनी काही भेट दिली आहे त्यांची पुस्तकं नामांकनासाठी घेऊ नयेत. मोहरील सरांनी वाक्य पूर्ण व्हायच्या आत अनुमोदन दिलं. ठराव मंजूर झाला आणि आम्ही तो फलकावर लावला. चारच दिवसांनी एका कवींचा फोन आला. त्यांनी मुलांच्या खोलीसाठी पंखा द्यायचं कबूल केलं होतं. तो इतक्यात जमेलसं वाटत नाही, म्हणाले. त्यांचा बालकवितांचा संग्रह छापखान्यात होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

पंखा आम्ही वर्गणीतून घेतला. थोडा आवाज करतो, पण चालतो. नामांकन करणाऱ्या माणसाने शक्यतो स्वतःच्या पंख्याखाली बसावं.